शपथ घेतली, पाचट पेटवलं

हवामान बदल समजून घ्यायला शिरूर-दौंडकरांना कुठल्या परिषदेला जावं लागत नाही. ऑक्टोबर २०२३ अखेर जाहीर झालेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत शिरूर आणि दौंड या दोन्हींची नावं होती. मे २०२५ मध्ये मृगाची वाट न बघता पावसाने दौंडला झोडपून काढलं. म्हणजे समज पक्की आहे. घोडं अडतं ते कृतीपाशी.

तशी कृतीही आहेच म्हणा. २०२० पासून सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गावांना गुण, वर बक्षीस. शपथ मोबाइलवर घेता येते, बांधावर जायची तसदी नाही. अग्नितत्त्वात तर आम्ही आधीपासूनच पुढे. दौंडकडच्या काही गुऱ्हाळांच्या चुलाणात चिपाडासोबत प्लास्टिक आणि जुन्या चपलाही जळतात, ही तक्रार वर्षानुवर्षांची. (गूळ मात्र साखरेपेक्षा आरोग्याला चांगला म्हणे, हे विसरू नये.) शेतातलं उसाचं पाचटही तसंच जळतं. ते कुजवलं तर जमिनीला खत मिळतं, ओल टिकते, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतात. शेतकरी मान डोलावतो आणि खिशातली काडेपेटी चाचपतो.

जलतत्त्वात दुष्काळी बैठकीत टँकरचा विषय निघतो, उसाचा नाही. उसाचं नाव काढणाऱ्याला पुन्हा निवडून यायचं असतं. घोड-भीमेच्या पट्ट्यात ऊस बारमाही उभा, आणि त्याच्या आडोशाला बिबट्यांनी संसार थाटलेला. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणं म्हणतात ते आपल्या तालुक्यांत एवढ्या एकाच रहिवाशाला जमलंय, तेही शपथ न घेता.