आधी लगीन बोर्डाचं

गाळ्यात काहीही नाही. मिरची कांडायचं यंत्र नाही, वजनकाटा नाही, थ्री फेजचं कनेक्शन नाही, मिरची तर नाहीच नाही. शटरच्या आत मोकळी फरशी आणि आधीच्या भाडेकरूने भिंतीवर विसरलेलं एक कॅलेंडर, एवढाच ऐवज. पण शटरच्या वर सहा फूट बाय तीन फुटांचा बोर्ड आहे, आणि बोर्डाखाली आमचा होतकरू हाताची घडी घालून उभा आहे. फोटो काढणं चालू आहे.

होतकरू म्हणजे कोण, हे सांगायला नकोच. योजनांच्या पत्रकात 'होतकरू तरुण' असतो ना, तो. आमचा बेचाळिसाव्या वर्षीही होतकरूच आहे, कारण अजून त्याला काही होऊ दिलेलं नाही. बायकोच्या हातचा कांदा-लसूण मसाला पेठेतली माणसं डबे पाठवून मागून नेतात. तेव्हा घरात ठरलं की उसन्या कांडपावर रांगा लावण्यापेक्षा स्वतःचं कांडप टाकावं. यात चुकीचं काही नव्हतं. चूक एवढीच झाली, की ते रीतसर टाकायचं ठरलं.

रीतसर धंद्याला आधी पैसा लागतो, असा आपला एक भाबडा समज असतो. पैसा नंतर लागतो. आधी फोटो लागतो. कर्जासाठी दुकानाच्या नोंदीची पावती, पावतीसाठी दुकानाचा फोटो, फोटोत मराठी अक्षरांतला बोर्ड, बोर्ड टांगायला गाळा, गाळ्याला डिपॉझिट, आणि डिपॉझिटला पैसा; म्हणजे ज्याच्यासाठी कर्ज मागायला निघालो तोच. कायदा बिचारा सरळ आहे. राज्याचा 2017 चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा सांगतो, की मोजकेच कामगार असतील तर परवान्याची गरज नाही. धंदा सुरू झाल्यावर 60 दिवसांत नुसतं कळवा. आधी उघडा, मग कळवा. हे लिहिणारा माणूस सज्जन असणार आणि त्याने कधी कर्ज मागितलेलं नसणार. कारण बँक म्हणते, कळवल्याची पावती आणा, मग पैसे देतो, मग उघडा. म्हणून होतकरूने धंदा सुरू झाल्याचं सरकारला विनयपूर्वक कळवलं. पुरावा म्हणून बोर्ड जोडला. ज्या धंद्यात अजून चिमूटभर तिखट पडलेलं नाही, त्याची सुरुवात सर्वांच्या संमतीने एका थापेने झाली, आणि थाप मारल्याची पावतीही मिळाली.

एकदा बोर्ड लागला, की तो सगळ्यांना हवा असतो. बँकेचा माणूस पाहणीला आला. त्याच्या मोबाइलमध्ये असं ॲप, की फोटोच्या खाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ आपोआप उमटते. रिकाम्या गाळ्याचा अक्षांश कितीही अचूक असला तरी गाळा रिकामाच राहतो, हे त्या ॲपला कळत नाही. शटर उघडून आत बघा, असं होतकरू तीनदा म्हणाला. "आतलं नको, बोर्ड दिसला पाहिजे," असं उत्तर आलं. मग जरा डावीकडे सरका, तुमच्या डोक्यामागे 'मसाला' झाकला जातोय. हसू नका, कर्जाची फाइल आहे. आता आधार कार्ड छातीशी धरा. पुढे अनुदानाच्या ऑफिसचा फोटो वेगळा, कारण बँकेचा फोटो त्यांना चालत नाही, आणि त्यांचा बँकेला. लग्नातसुद्धा नवरदेवाचे इतके फोटो एकट्याचे काढत नाहीत.

मग बोर्डाला अंगं फुटू लागली. मूळ मजकूर साधा होता: ग्रामदेवतेचं नाव आणि खाली 'मसाला व मिरची कांडप'. त्यात फ्लेक्सवाल्याने आपणहून इंग्रजी अक्षरांत 'सिन्स 1985' टाकलं, कारण त्याच्याकडच्या तयार नमुन्यात ते होतं. 1985 साली होतकरू रांगत होता, हा मुद्दा त्याने मनावर घेतला नाही. पण दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर बोर्डावर मराठी अक्षरं आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेली हवीत, हे कुणीतरी सांगितल्यावर ते खोडलं. पाठोपाठ एजंट आला. तो म्हणाला, जीएसटी घेऊन टाका. माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि होतकरूची उलाढाल त्या क्षणी शून्य होती. "तरी घेऊन ठेवा, बँकेत बरं दिसतं." बरं दिसावं म्हणून घेतलेल्या नोंदणीचा नियम असा, की तो 15 अक्षरी क्रमांक प्रवेशद्वारावरच्या बोर्डावर लिहायचा. बोर्ड उतरवला, क्रमांक चढवला. अन्ननोंदणी झाली, तिचा क्रमांक 14 आकडी आणि नोंदणीपत्र दर्शनी भागात लावायचं. गाळ्याला दर्शनी भाग एकच, तो बोर्डाने अडवलेला. म्हणून तोही क्रमांक बोर्डावर गेला. 'उद्यम'चा क्रमांक आहेच, तो टाकला तर 'छाप पडते' असं एजंटचं मत. अनुदानाच्या योजनेतून प्रकल्प झाला तर तसा उल्लेख बोर्डावर हवा. आणि शेवटी बँकेने सांगितलं, की 'सदर यंत्रसामग्री बँकेकडे गहाण आहे' ही ओळ लागेल, तेवढी जागा आत्ताच सोडून ठेवा. यंत्रसामग्री कुठे आहे, असं विचारायचं नसतं. जी अजून कंपनीतून निघालेली नाही, तिचं कर्ज मंजूर नाही, तिचं कोटेशनसुद्धा मुदत संपल्यामुळे दुसऱ्यांदा आणलंय, ती गहाण असल्याचं आधी पेठेला कळलं पाहिजे. आता त्या बोर्डाकडे लांबून पाहिलं तर एखाद्या फरार आरोपीच्या वर्णनाची नोटीस वाटते. 'मिरची' हा शब्द कोपऱ्यात, 'गहाण'च्या वर, बारीक अक्षरांत आहे. शेजारच्या आजी चष्मा लावून वाचून गेल्या आणि त्यांनी सुनेला सांगितलं, "बँकेचं काहीतरी निघालंय."

खर्चाचा हिशेबही बघण्यासारखा आहे. 'उद्यम' नोंदणी फुकट आहे. आधार आणि पॅन पुरतं, एकही कागद जोडावा लागत नाही. जीएसटी नोंदणीला शुल्क नाही. छोट्या अन्ननोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये. या सगळ्या फुकट गोष्टींचे एजंटने साडेचार हजार घेतले. तरी तो परवडला, कारण तो निदान फोन उचलतो. आणि जीएसटी घेतलीच आहे, तर विवरणपत्र आलं. विक्री शून्य, खरेदी शून्य, कर शून्य. हे शून्य वेळेवर भरलं नाही तर विलंबशुल्क मात्र शून्य नसतं, दिवसाला 20 रुपये असतं. धंद्यातून येणाऱ्या पैशाआधी धंदा न केल्याचा दंड भरणारा उद्योजक जगात दुसरीकडे असेल तर त्याला आमच्या होतकरूचा नमस्कार सांगा.

या सगळ्यात ज्याचा धंदा खरोखर उभा राहिला, तो फ्लेक्सवाला. बोर्ड चार वेळा झाला, चारही वेळा त्याने रोख घेतले. तिसऱ्या खेपेला आठवडाभर थांबायला लावलं, कारण चौकातल्या कुठल्याशा भाऊंचा वाढदिवस होता आणि "वाढदिवस काय थांबत नाही शेठ." खरंच आहे. तो फ्लेक्स बघून आलो. इमारतीच्या दोन मजल्यांएवढा, विजेच्या खांबाला तारेने आवळलेला, बसथांब्याचं नाव झाकणारा. मध्ये भाऊ मोबाइल कानाला लावून, खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीने, जागा उरली तिथे दोन वाघ. त्या फ्लेक्सला लाइट बिल मागितलेलं नाही. जागामालकाचा ना हरकत दाखला मागितलेला नाही. त्याच्यासमोर कुणी आधार कार्ड छातीशी धरून उभं राहिलेलं नाही, त्याचे अक्षांश-रेखांश कुणी टिपलेले नाहीत. आणि भाऊंच्या नावाच्या आधी, सोनेरी अक्षरांत, पदवीसारखं काय लिहिलंय? 'युवा उद्योजक'! महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जा, खांबाखांबावर युवा उद्योजक लटकलेले आहेत. यांचा उद्योग काय, तो कुठल्या गाळ्यात चालतो, तिथे कोण कामाला आहे, ते विकतात काय, हे आजवर एकाही मतदाराला समजलेलं नाही. यांच्या उद्योगाला बोर्ड नाही, कारण बोर्ड हाच त्यांचा उद्योग. आणि ज्याने डिपॉझिट भरलं, भाडं भरलं, चार वेळा बोर्ड केला, शून्याचं विवरण वेळेत भरलं, त्या माणसाला प्रत्येक कागदावर काय म्हणतात? अर्जदार. फार तर 'सदर इसम'.

इथवर मी हसून लिहिलं, आता पुढचं हसून लिहिता येत नाही. मुद्रा योजना 2015 ची. शिशु म्हणजे 50 हजारांपर्यंत, किशोर म्हणजे त्यापुढे 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. होतकरूला हवेत तीन लाख. म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी दोन मुलांचा बाप किशोर झाला, तेही सोसलं. पण या कर्जाला तारण मागायचं नाही, हे योजनेतच आहे आणि प्रत्येक जाहिरातीत ठळक असतं. बँकेच्या टेबलावर ते वाक्य असं उच्चारतात: "तारण नको हो, नियम आहे. फक्त दोन जामीनदार आणा. पगारदार. एक तरी सरकारी असला तर बरं." सरकारी जामीनदार काय किराणा दुकानात मिळतो? आहे एक चुलत मेहुणा पाटबंधाऱ्यात, तो होतकरूचा फोन वाजला की आता अंघोळीला असतो. दुसरा उपाय साहेबांनीच सुचवला: "दीड-दोन लाखांची एफडी करून ठेवा आमच्याकडे, मग बघू." ज्याच्याकडे ठेवायला दोन लाख आहेत तो तुमच्या काचेच्या दारातून आत कशाला येईल? त्याने त्याच पैशांत यंत्र घेतलं असतं! नियम धाब्यावर बसवायचा असेल तर निदान तोंडाने तसं म्हणा. 'नियम आहे' म्हणून सांगायचं आणि त्याच श्वासात नियम मोडायचा, आणि समोरच्याने मान हलवून "होय साहेब" म्हणायचं, कारण फाइल टेबलाच्या त्या बाजूला आहे. याला कर्जवाटप म्हणत नाहीत. याला माणसाला लहान करणं म्हणतात. आणि दरवर्षी योजनेखाली इतकी कर्जं दिली म्हणून आकडे छापून येतात, त्यात जे परत गेले त्यांचा रकाना नसतो.

अनुदानाच्या रस्त्याने गेलं तर उद्योजकतेचं प्रशिक्षण लागतं. तिथे बाजारपेठेचा अभ्यास, स्पर्धेला तोंड, जोखीम कशी पत्करावी हे शिकवलं जातं. शिकवणारे गृहस्थ निवृत्त होते, हयात पगारावर गेलेली. त्यांचा सगळ्यांना मनापासून सल्ला, नोकरी बघा.

पण खरा घोळ कॅलेंडरचा आहे, आणि तो ना योजनेच्या पत्रकात आहे, ना बँकेच्या. मिरची कांडपाचा धंदा बारमाही नसतो. शिमगा झाला की गच्च्यांवर मिरच्या वाळत पडतात, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, आणि मृगाच्या आत प्रत्येक घरातला वर्षाचा मसाला डब्यात गेलेला असतो. त्या तीन महिन्यांत कांडपापुढे पहाटे पाचपासून रांग असते आणि तीच कमाई वर्षाचं भाडं ओढते. होतकरूने फाइल दिवाळी झाल्या झाल्या दिली होती. त्याला हंगाम माहीत होता, म्हणूनच तेव्हा दिली होती. जानेवारीत त्रुटी निघाली, बोर्डावर बँकेची ओळ नाही. फेब्रुवारीत फोटो. मार्चमध्ये साहेब म्हणाले, "मार्च एंड आहे, आता कुणी काही बोलू नका." म्हणजे गावात मिरची वाळत असताना बँकेत हिशेब वाळत होते. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी जुना फोटो पाहिला, फ्लेक्स उन्हाने फिका पडलाय, नीट वाचता येत नाही म्हणाले, पुन्हा काढून पाठवा. मेमध्ये जामीनदार बदलला. कर्ज मंजूर झालं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पावसाचा पहिला शिडकावा सुरू असताना. यंत्र आलं जुलैत. पहिला हप्ता ऑगस्टपासून. अकरा महिन्यांच्या भाडेकरारातले नऊ तोवर संपले होते. श्रावणात मिरची कोण कांडतं, हे बँकेच्या शिपायालासुद्धा विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, पण त्याला विचारायची पद्धत नाही.

तेव्हा मंजुरी देणाऱ्या साहेबांना एक विनंती आहे, आणि ती व्याज कमी करण्याची नाही, अनुदान वाढवण्याचीही नाही. फोटो हवे तेवढे काढा. बोर्डावर हवं ते लिहायला लावा. फाइल नाकारायची असेल तर खुशाल नाकारा, तो तुमचा अधिकार आहे. फक्त लेखी नाकारा, कारण लिहून नाकारा, आणि जानेवारीत नाकारा. म्हणजे माणूस बोर्ड उतरवून, डिपॉझिट मागून घेऊन, निदान दुसऱ्याच्या कांडपावर हंगामभर कामाला तरी लागेल.