मधल्या काळात काय करत होतात?

कर्जत स्टेशनाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, आणि पाटीवर सगळ्यात खाली 'बायोडाटा करून मिळेल'. गिऱ्हाइकं नाव-पत्ता खणखणीत आवाजात सांगतात, शिक्षण चढवून सांगतात, आणि अनुभवाशी आली की काउंटरवर कोपर टेकून कुजबुजतात, "काका, मध्ये जरा गॅप आहे. काहीतरी बघा ना." गॅप हे अवघड जागेचं दुखणं आहे आणि त्यावरचं औषध झेरॉक्सवाल्याकडे मिळतं, अशी आमच्या तालुक्याची ठाम समजूत आहे.

पूर्वी औषध होतंही. महिने लिहायचेच नाहीत, नुसती वर्षं लिहायची. नोकरी सुटली जानेवारी 2019 मध्ये, दुसरी लागली डिसेंबर 2020 मध्ये. कागदावर '2016 ते 2019' आणि खाली '2020 पासून'. जवळजवळ दोन वर्षं दोन ओळींच्या मध्ये गडप! पण 2014 पासून पीएफला यूएएन नंबर आला आणि हळूहळू ही हातचलाखी उघडी पडू लागली. कुठल्या महिन्यात भरणा झाला, कुठल्या तारखेला नोकरी सोडली, सगळं पासबुकात. एचआरच्या मॅडम गोड हसतात आणि पासबुकाची प्रत मागतात.

मग 'फ्रीलान्स कन्सल्टंट' लिहायची टूम निघाली. नेरळकडच्या एका पोराने तसं टाइप करून घेतलं, पुढे 'अॅग्रो क्षेत्र' असंही जोडलं. मुलाखतीत विचारलं, "तुमचे क्लायंट कोण?"

"वडील."

"त्यांना काय सल्ला दिलात?"

"दिला, पण त्यांनी ऐकला नाही."

खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या फिटरचा बायोडाटा मात्र वेगळाच. सहा-सात महिने काम, मग खाडा, पुन्हा काम, पुन्हा खाडा. याचं मूळ 240 च्या आकड्यात. औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस भरले की ती वर्षाची सलग नोकरी धरली जायची, आणि मग माणसाला काढताना नोटीस, भरपाई असली बिलामत मागे लागायची. म्हणून आकडा जवळ आला की ठेकेदार 'ब्रेक' देतो. पंधरा दिवस घरी बसायचं, मग त्याच गेटातून आत, त्याच मशीनवर, पण नव्या ठेकेदाराच्या नावाने. अशाच एका फिटरला विचारलं, "तुम्ही इतक्या नोकऱ्या का बदलता?" तो म्हणाला, "साहेब, मी पान्हासुद्धा बदलला नाही. मालक बदलत गेले." गॅप पुरवायचा त्यांनी, आणि खुलासा द्यायचा याने!

काही कंपन्यांना खुलासाही तोंडी चालत नाही, प्रतिज्ञापत्र लागतं. 'सदर कालावधीत मी कोठेही नोकरी करत अथवा शिक्षण घेत नव्हतो व कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो.' काम केल्याचा पुरावा एका पगारपत्रकात भागतो. काहीच न केल्याचा पुरावा द्यायला टायपिस्ट, स्टॅम्प आणि नोटरी असा सगळा लवाजमा. त्यातही एकाचा अर्धा दिवस गेला आणि त्या दिवसाची रोजंदारी बुडाली. म्हणजे गॅप सिद्ध करताना आणखी एक गॅप पदरी पडला.

कर्जतकरांचा गॅप रुळांवरून येतो. मुंबई इथून शंभर किलोमीटर, आणि मध्ये लोकल. मार्च 2020 मध्ये ती बंद झाली. सर्वसामान्यांसाठी उघडली 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही वेळा बांधून: सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. फोर्टातल्या ऑफिसात हिशेब लिहिणारा आमचा शेजारी सहाला सुटणार आणि नऊपर्यंत काय करणार? एप्रिलमध्ये दारं पुन्हा बंद. दोन डोसवाल्यांना 15 ऑगस्टला प्रवेश मिळाला, तोवर शेठने भायखळ्याचा माणूस ठेवला होता. शेजाऱ्याच्या बायोडाटात मी लिहिलं, 'कारण: लोकल'. वाचणारा डोंबिवलीचा निघाला. पुढे त्याने काही विचारलं नाही.

रसायनीची तऱ्हा और. तिथलं हिंदुस्थान ऑर्गेनिक केमिकल्सचं युनिट बंद करायचं केंद्र सरकारने 2017 मध्ये ठरवलं. त्यातला एक प्लांट रॉकेटच्या इंधनाला लागणारं रसायन करायचा, तो इस्रोकडे द्यायचं ठरलं. थोडक्यात, प्लांटची नोकरी चालू राहिली. पन्नाशीच्या ऑपरेटरला मात्र विचारणार, मधल्या काळात तुम्ही काय करत होतात?

लिंक्डइनने 2022 मध्ये 'करिअर ब्रेक' दाखवायची सोय केली. मुलांचं संगोपन, आजारपण, प्रवास, अशी कारणं निवडायला दिली. आमच्या पोराने यादी वरखाली केली आणि म्हणाला, "बाबा, यात भातलावणी नाही." वावे-कशेळ्याच्या पोरांची आषाढातली अर्धी रजा तिथेच जाते. लावणीनंतर रोप आठवडाभर पिवळं पडतं, मान टाकतं. मुळं धरायला तेवढा वेळ लागतोच. शेतकरी त्याला खुलासा मागत नाही.

गंमत अशी, की लोक खोटं काम लिहायला आणि खरं काम लपवायला येतात. गेल्या वर्षी एक जण आला. म्हणाला, "दोन वर्षं घरीच होतो, काका." खोदून विचारलं तेव्हा कळलं, मुंबईच्या एका शेठचं फार्महाउस सांभाळत होता. शनिवार-रविवारचं बुकिंग, तीस-तीस माणसांचं पिठलं-भाकरी आणि चिकन, पोहण्याच्या टाकीतलं क्लोरिन, जनरेटरचं डिझेल, रात्री दोनला गाणी बंद करा म्हणून शेजाऱ्यांच्या शिव्या. पैसे रोख, पावती नाही. म्हणून त्याच्या लेखी ती नोकरीच नव्हती! हे सगळं मी ओळीने लिहिलं. अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, कारण काय, केलं काय. कन्सल्टंट नाही, मॅनेजर नाही. 'केअरटेकर'.

एका रिसॉर्टने बोलावलं. गॅपबद्दल अवाक्षर नाही. एवढंच विचारलं, "जनरेटर बंद पडला तर चालू करता येतो?" लगेच सोमवारपासून या म्हणाले.

पेढे घेऊन आला तेव्हा करारपत्राची झेरॉक्सही काढून नेली. वाचलं मी. अकरा महिन्यांचा करार आहे. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पक्कं.