सतरा भोकं

अकोल्याहून अमरावतीला बदली झाली, तेव्हा मी घरमालकांना म्हणजे काकाजींना महिनाभर आधी सांगितलं. काकाजी निवृत्त तलाठी. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी करतं खाली?" मग म्हणाले, "येतो एक डाव पाहाले."

हे 'पाहाले' माझ्या छातीत बसलं. वीस हजार डिपॉझिट होतं. एका मित्राने तर घर सोडताना पंख्यावरच्या धुळीचेही पैसे भरले होते. म्हणून मी कायदा वाचायला घेतला.

मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा म्हणतो, भाडेकरूने घर घेतलं तसं परत द्यावं, मात्र रोजच्या वापराची झीज सोडून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. लागू झाला ३१ मार्च २००० ला. (ही ३१ मार्च ध्यानात ठेवा.) त्यातलं कलम ५५ तर मी फ्रेम करून लावणार होतो. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरायच्या, उलट सिद्ध होईपर्यंत. आमचा करार तोंडीच होता. (तीन वर्षांपूर्वी "आपसात कशाले कागद, काकाजी" असं मीच म्हणालो होतो, पण ते कलमात विचारत नाहीत.) माझा शब्द खरा धरणारं एक तरी कलम जगात आहे, असं मी बायकोला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "लग्नाच्या कायद्यात नाही ना?"

एवढं कायदेशीर बळ असताना माणसाने गप बसावं. मी तयारीला लागलो.

भिंतीत खिळ्यांची सतरा भोकं होती. भोकात टूथपेस्ट भरली की कळत नाही, असं ऐकून होतो. आमच्याकडे लवंगेची लाल पेस्ट येते. संध्याकाळपर्यंत भिंतीला सतरा ठिकाणी कुंकू लावल्यासारखं दिसू लागलं आणि सकाळी मुंग्या दर्शनाला आल्या. खिडकीशी कुलरच्या पाण्याने ओल धरली होती. अकोल्याच्या मे महिन्यात कुलर बंद ठेवणारा भाडेकरू अजून जन्मायचा आहे. त्या डागावर मी डिस्टेंपर मारला. जुन्या पिवळट भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन उमटला, जणू तिथे एसटीचं वेळापत्रक लावायचं आहे.

राहिला नळ. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तीन वर्षं वापरलं की नळावर पांढरी पुटं चढतात. ती काढायला मी बाथरूमचं ॲसिड वापरलं. पुटं गेली. सोबत नळाची चकाकीही गेली आणि आतलं पितळ बाहेर डोकावू लागलं.

याच अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. मला सतरा भोकं बुजवायला दोन दिवस लागले, आणि तीही बुजली नाहीत.

काकाजी आले. चष्मा पुसून त्यांनी भिंत पाहिली.

"हे काय, बाप्पा?"

"भोकं बुजवली, काकाजी."

"अरे, थे खिळे तं माह्या पोरानं ठोकले होते. तू याच्या आंधी." मग नळाकडे वळले. "आन् याले काय झालं? चांगला होता न थो!"

आता कायदा काढणं भाग होतं. मी घसा साफ करून झीज, कलम ५५, सगळं सांगितलं. काकाजी शांतपणे ऐकत होते. त्या शांततेने मला चेव आला. "आणि कलम २७ प्रमाणे दिलेल्या पैशाची पावती मिळणं हा भाडेकरूचा हक्क आहे," असंही मी ठोकून दिलं.

"बरोबर हाय," म्हणत काकाजींनी पिशवीतून पावतीपुस्तकं काढली. तलाठ्याची स्थळप्रत कधी हरवत नाही. "हे पाय. छत्तीस पावत्या. हरेक नऊ हजाराची."

माझ्या पोटात गोळा आला. किराया होता सात हजार. घरभाडे भत्त्यावरचा कर वाचावा म्हणून दर ३१ मार्चच्या आधी काकाजींच्या हातापाया पडून मीच नऊ हजाराच्या पावत्या फाडून घेतल्या होत्या.

"तू तं मले सातच देत होता," काकाजी म्हणाले. "महिन्याचे दोन हजार, छत्तीस महिने. बहात्तर हजार झाले. तूच सांग, कोन्तं कलम लावू?"

बायको स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली होती, हे आवाजावरून कळलं.

"नळाचे काय घ्याल, काकाजी?" मी विचारलं.

"सहाशे."

त्यांनी एकोणीस हजार चारशे मोजून दिले, तेही दोनदा मोजून. मग पावतीपुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"कर सही. या बारीले आकडा खराच लिवला हाय."