चालतंय ना, मग हात लावू नका!

2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या तीनच आठवडे आधी, 22 मार्चला, 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या 11 ओळींची लायब्ररी तिच्या लेखकानं एनपीएम या जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या भांडारावरून काढून घेतली आणि जगभरातले हजारो प्रकल्प अडकून पडले. एकाच धरणावर विसंबलं की काय होतं, हे लातूरकरांना सांगायला नको. पण इथंच क्लासची ॲप, पतसंस्थांची सॉफ्टवेअरं लिहिणारी पोरं दुसऱ्याच्या कोडवर डोळे मिटून विसंबतात.

त्यांच्यात दोन पंथ. एक म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका. दुसरा एका रात्रीत सगळंच अपडेट करून मोकळा होतो. दोघंही चुकतात, पहिला जास्त. अपाचे स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमधल्या भगदाडावरची दुरुस्ती मार्च 2017मध्ये आली होती. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीनं ती वेळेत लावली नाही आणि 14 कोटींवर लोकांची माहिती चोरीला गेली.

लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॅकेज-लॉक फाइल हजारो ओळींची दिसते म्हणून ती गिटबाहेर ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. आवृत्तीच्या आकड्याआधी कॅरेटची खूण असली, की तुमच्या लॅपटॉपवर एक आवृत्ती बसते, सर्व्हरवर दुसरी. मग 'माझ्याकडं तर चालतंय' हे भांडण रात्रभर! सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' चालवा. लॉकमध्ये लिहिलंय तेवढंच ते बसवतं, मेळ नसला तर थांबतं.

अपडेट करताना एका वेळी एक लायब्ररी, एक कमिट. आवृत्तीतला पहिला आकडा बदलला तर चेंजलॉग वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. सगळ्या कोडच्या टेस्ट लिहायला माणसं नाहीत, मान्य. लॉगिन, फी, निकाल एवढ्यांच्या तरी लिहा. सुरक्षेची दुरुस्ती लगेच लावा, बाकीची अपडेट आठवडाभर थांबवा. 8 सप्टेंबर 2025ला 'चॉक' आणि 'डीबग' या लायब्ररींच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर आल्या आणि काही तासांत काढल्या गेल्या, थांबणारे वाचले.

नीटच्या निकालापासून प्रवेश आटोपेपर्यंत मोठ्या अपडेटला हात नको. ते दसऱ्यानंतर. आणि देखभालीच्या करारात या कामाचे तास वेगळे लिहा. गिऱ्हाईक विचारेल, 'यात नवीन काय दिलं?' नवीन काही नाही, निकालाच्या दिवशी ॲप बंद पडलं नाही, असं सांगा आणि पैसे मागा.