कलमवाले काका

आमच्या कलमवाल्या काकांचं घड्याळ कोकणातल्या पावसावर चालतं. ‘लवकर धरेल हो’ म्हणजे पाच वर्षं. ‘जरा थांबा’ म्हणजे पुढचा मिरग. आणि बियांवरून केलेलं जायफळ असेल, तर ते नर की मादी हे कळायलाच सहा-सात वर्षं. कोकमाची तीच गत. बी रुजवून केलेल्या रोपांत निम्मे नर निघतात. खातात, वाढतात, फळ नाही. “आमच्या घरातल्यासारखेच,” असं काकू आतून सांगतात.

पण हाच माणूस जून-जुलैत क्षणाचा हिशेब ठेवतो. रायवळ कोय रुजून वर आलेलं तांबूस पानांचं रोप छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी. मध्येच मुंबईच्या मुलाचा फोन आला तरी वाजत राहतो. काप सुकता कामा नये. त्या काडीची पानंसुद्धा आठ-दहा दिवस आधी झाडावरच खुडलेली असतात, म्हणजे डोळे फुगतात. काकूंच्या मते काकांच्या आयुष्यातलं आगाऊ नियोजन एवढंच.

गिऱ्हाईक चाकरमानी असलं की काका कलमापेक्षा त्यालाच निरखतात.

“गावाला असता किती दिवस?”

“मे महिन्यात आठ, गणपतीत पाच.”

“मग काजू न्या. वेंगुर्ला-४.”

मी हट्टाने हापूसच नेला. दुसऱ्याच वर्षी मोहर आला. हरखून फोटो पाठवला. उत्तर आलं, “खुडा. आधी अंग धरू दे.” खुडला, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पुढे मात्र झाड असं फोफावलं की मी शेजाऱ्यांना खतपाण्यावर व्याख्यानं देऊ लागलो.

नवव्या वर्षी आंबे लागले. लहान, आंबटगोड, दातांत दोरे अडकवणारे. तणतणत काकांना घेऊन आलो. ते बुंध्याशी उकिडवे बसले, पाला बाजूला सारला आणि पेन्सिलीएवढी वाळकी काटकी दाखवली.

“हा तुमचा हापूस.”

“आणि हे झाड?”

“सांध्याखालून फुटलेला खुंट. खुडायचा होतात तो हा! मोहर काय, मी सांगितलं म्हणून खुडलात.”

मग एक आंबा चोखून संपवला, कोय धोतराला पुसली, निरखली.

“जोर आहे हो खुंटाला. कोयी टाकू नका, माझ्याकडे पाठवा.”