गवत बोटभर, इंजिन हातभर

वहिनी, ऐकलंत का? जरा दार लोटून घ्या, मग सांगते. तिकडे अमेरिकेत भल्या घरचे, नोकरदार, दोन-दोन लेकरांचे बाप शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये शिरतात आणि गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बदलतात. बिघडलं म्हणून नव्हे हो! बिघडलं असतं तर माफ केलं असतं. दोरीला एक हिसका दिला की सुरू होणारं धडधाकट इंजिन उतरवायचं आणि त्या जागी त्याच्या दुप्पट-तिप्पट दांडगं आणून बसवायचं. बरं, यंत्र तरी कुठलं? वर बसून हिंडायचं असतं ते नव्हे. मागे उभं राहून ढकलत न्यायचं, चार चाकांचं, गरीब बिचारं लॉनमॉवर!

कारखान्यातून येतं तेव्हा त्यावर साधारण १४० ते १९० सीसीचं इंजिन असतं. घरापुढचं गवत कापायला तेवढं पुरून उरतं, हे त्या मंडळींनाही मान्य आहे. पण शेजाऱ्याने बसायच्या गवतगाडीचं जुनं धूड भंगारात काढलं की यांचा जीव खालीवर होतो. त्यात ५०० सीसीचं, एकाच सिलिंडरचं इंजिन निघालं तर विचारूच नका. आपल्याकडे ३५० ची बुलेट गल्लीत शिरली तर दुपारी झोपलेले आजोबा उठून बसतात. हे लोक तिच्याहून मोठं इंजिन त्या पातळ पत्र्याच्या टपावर ठेवतात आणि वर बायकोला विचारतात, "जास्त दिसतंय का गं?"

त्यासाठी जसं स्थळं बघणं चालतं, तसं आपल्याकडच्या लग्नातसुद्धा चालत नाही. पहिली अट दांड्याची. या यंत्रात पातं थेट इंजिनाच्या दांड्यालाच अडकवलेलं असतं, म्हणून दांडा खाली, जमिनीकडे तोंड करून उभा हवा. स्वस्तात मिळणाऱ्या, पोरांच्या गो-कार्टवर बसणाऱ्या २१२ सीसीच्या इंजिनाचा दांडा असतो आडवा. एखादा उतावळा ते इंजिनच कलतं करून बसवायला बघतो. मग आतलं तेल भलतीकडे जमतं, जिथे हवं तिथे उडत नाही, आणि संसार महिनाभरात मोडतो. दांडा उभा मिळाला तर जाडी जुळत नाही: छोट्या इंजिनाचा साधारण २२ मिलिमीटर, मोठ्याचा सव्वापंचवीस. पात्याची बैठक बदला. तीही बदलली तर दांडा लांब निघतो आणि पातं पत्र्याच्या कडेखाली उघडं लोंबतं, ऐन घोट्याच्या उंचीवर! मग इंजिनाखाली पाट घालून त्याला वर उचलायचं. एवढं जमेपर्यंत अंगणातलं गवत गुडघ्याला लागलेलं असतं आणि नगरपालिकेची नोटीस दाराला. हो, तिकडे कित्येक गावांत गवत वाढू दिलं म्हणून दंड होतो.

पण खरी लाज पुढेच आहे. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की अशा यंत्राच्या मुठीवरची कडी सोडली की पातं ३ सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. बोटं शाबूत राहावीत म्हणूनच तो नियम केला. बहुतेक ढकलायच्या यंत्रांत हा ब्रेक इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच बसवलेला असतो. बसायच्या गाडीच्या इंजिनाला तो नसतो, कारण तिथे पात्याला थांबवायची सोय पट्ट्याकडे असते. म्हणजे इंजिन बदललं की ब्रेक जुन्या इंजिनाबरोबर भंगारात! आता कडी सोडली तरी पातं आपलं फिरतंच आहे. काही महाभाग तर ती कडी प्लास्टिकच्या पट्टीने मुठीला कायमची बांधूनच टाकतात. यांना घरी कोणी बोलणारं नाही का हो?

आता तुम्ही म्हणाल, निदान गवत तरी लवकर कापून होत असेल. तिथेच तर हसू येतं! लॉनमॉवरच्या इंजिनावर गव्हर्नर असतो. तो फेऱ्या मिनिटाला ३,००० च्या आसपास धरून ठेवतो. ५३ सेंटिमीटरचं नेहमीचं पातं तेवढ्या फेऱ्यांना टोकाशी ताशी ३०० किलोमीटरने धावतं. सुरक्षेच्या मानकात टोकाच्या वेगाची मर्यादा आहे मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी ३४७ किलोमीटर. तेव्हा इंजिन ५ घोड्यांचं असो की १७, पातं फिरणार तितकंच. ओलं, दाट गवत आलं तर मोठं इंजिन गुदमरणार नाही, एवढं त्याचं पुण्य मान्य करू. एरवी मागे ढकलणारा माणूस चालणार आपल्या चालीनेच, आणि आता तर इंजिनाचं ओझं वाढल्यामुळे वळणावर धापा टाकत. गवताला या सगळ्याचा पत्ताच नाही. थाट चालला आहे तो कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यासाठी.

हे कळलं की काही जण गव्हर्नरच काढून टाकतात. हाय रे कर्मा! ३,००० च्या जागी ५,००० फेऱ्या झाल्या की टोक ताशी ५०० किलोमीटरवर जातं आणि पात्यावरचा ताण पावणेतीन पट होतो. त्या फेऱ्यांसाठी ना ते पातं घडवलेलं, ना ओतीव फ्लायव्हील. त्यातलं काही सुटलं तर ते पत्ता विचारून जात नाही.

या घोड्यांच्या नादात तिकडे एक मोठी भानगडही होऊन गेली. यंत्रांवर छापलेली हॉर्सपॉवर फुगवलेली आहे म्हणून ग्राहकांनी बड्या बड्या कंपन्यांना कोर्टात खेचलं. २०१० मध्ये मिलवॉकीच्या कोर्टात साडेसहा कोटी डॉलरांवर तडजोड झाली. कंपन्यांनी चूक कबूल केली नाही ती नाहीच. ढकलणाऱ्याच्या हातात पडायचे जास्तीत जास्त ३५ डॉलर, बसणाऱ्याच्या ७५. आता दुकानात बघा, बहुतेक ढकलायच्या यंत्रांवर घोडे गायब, नुसते सीसी नाहीतर टॉर्क! नवरेमंडळींचा त्यामुळे केवढा हिरमोड झाला असेल.

आणि इंग्रजांकडे बघून अमेरिकनांना नावं ठेवायची सोय नाही. मुळात हे यंत्र काढलं तेच तिथल्या एडविन बडिंगने, १८३० मध्ये, कापडाची लव छाटायचं गिरणीतलं यंत्र पाहून. लोक हसतील म्हणून तो ते रात्री अंधारात चालवून बघायचा, असं सांगतात. त्याच्या देशात १९७३ साली ससेक्समधल्या विझबरो ग्रीन गावात काही मोटारवेडे पबमध्ये बसले. गाड्यांच्या शर्यती परवडत नाहीत, मग शर्यत लावायची कशाची? गवतगाड्यांची! तीही पाती काढून ठेवून. म्हणजे गवत कापायची गाडी, तिने गवत तेवढं कापायचं नाही. बक्षिसाचे पैसेही नाहीत. तरी रात्रभर चालणारी बारा तासांची शर्यत असते, आणि तीत सर स्टर्लिंग मॉससारखा फॉर्म्युला वनचा माणूस धावून गेला. मोठ्या घरचे लोकही असेच निघाले म्हटल्यावर धाकट्यांना कुठल्या तोंडाने रागवायचं?

मग कंपन्यांनाही चेव आला. होंडाने मोटारसायकलचं हजार सीसीचं इंजिन गवतगाडीत घातलं आणि २०१४ मध्ये स्पेनच्या चाचणीपथावर ती ताशी १८७ किलोमीटरने पळवली. ते बघवलं नाही म्हणून २०१५ मध्ये नॉर्वेत एकाने शेव्हरोलेचं व्ही-८ इंजिन बसवून २१५ गाठले. २०१९ ला होंडा परत हजर: थांबल्या जागेपासून ताशी १०० मैल, अवघ्या ६.२९ सेकंदांत, आणि स्टिअरिंगवर कोण, तर जेस हॉकिन्स नावाची शर्यतपटू मुलगी. एवढ्या सगळ्या प्रकरणात मला आवडलेली बाई ती एकच.

तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर २०२१ मध्ये कायदा करून लॉनमॉवरसारख्या यंत्रांच्या नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांना २०२४ च्या मॉडेलपासून दार दाखवलं. आता सगळे बॅटरीवर गेले की हा नाद सुटेल असं कोणाला वाटत असेल तर वाटू द्या. मोटर आणि बॅटरीसुद्धा मोठी मिळतेच की!

आपलेही लोक अमेरिकेत एडिसनला, फ्रीमाँटला घरं घेऊन बसलेत आणि घरापुढे गवत आहेच. म्हणून तिकडच्या भावजींना एवढंच कळवा: गवत तुटण्याऐवजी फाटत असेल, टोकं पिवळी पडत असतील, तर दोष इंजिनाचा नसून बोथट पात्याचा आहे. स्पार्क प्लगची वायर आधी काढा, पातं उतरवा, कानस मारून धार लावा, तोल बघा आणि परत चढवा. तासाभराचं काम आहे. आणि एवढं करूनही हात शिवशिवत असतील तर खुशाल बसवा मोठं इंजिन. फक्त पातं काढून ठेवा, आणि गवत कापायला दुसरं यंत्र घ्या.