लेवीय, अध्याय चौदा

पौलानं फिलिप्पैच्या मंडळीला आनंदी राहायला बजावलं, ते तुरुंगातून. बेंगळुरूत आमच्या तरुण संघातले दादा-ताई तेच बजावतात, पण गिटार, ड्रम आणि माणसाएवढ्या स्पीकरच्या साक्षीनं. पौलाचं मला पटतं. ड्रमचं म्हणाल, तर मी पडलो नगरचा. आमच्याकडे पेटी-तबल्यावर उपासना संगीतातलं गीत सुरू झालं की आजोबा डोळे मिटून घेत. ते भक्तीत आहेत की झोपेत, हे शेवटच्या आमेनपर्यंत कळत नसे आणि कुणी विचारतही नसे. इथे जरा डोळे मिटले की शेजारचा खांद्यावर हात ठेवतो : "ब्रदर, सगळं ठीक आहे ना?" ठीकच असतं हो. रविवारचा हा उत्साह सोमवारी सिल्क बोर्डच्या सिग्नलपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

अशा वेळी मला आमच्या नगरचे टिळक आठवतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं ना. वा. टिळकांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगूनही टाकलं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आमच्या मेट्रोच्या पर्पल लाइनवर कुणी असं भाकीत केलं, तर ते ऐकायला आधी कानातून इअरफोन काढावे लागतील. पण खरं सांगायचं तर माझा जीव टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर अधिक. नवरा धर्म बदलून बसला, संसार मोडला, वर्षं ताटातुटीत गेली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. एवढं सोसलेली बाई 'स्मृतिचित्रे' लिहायला बसते आणि वाचणाऱ्याला पानोपानी हसू फुटतं. स्वतःची फजिती तर त्या विशेष चवीनं सांगतात. तरुण संघाच्या शिबिरात प्रेरणेवर व्याख्यानं ठेवण्यापेक्षा हे पुस्तक मोठ्यानं वाचावं, असं मी एकदा सुचवलं होतं. व्याख्यान झालं.

जानेवारीत संघातल्या सगळ्यांनी वर्षभरात बायबल वाचून काढायची योजना मोबाइलवर घेतली. ११८९ अध्याय, ३६५ दिवस. रोजचे तीन आणि वर थोडी चटणी. उत्पत्ती गोष्टींच्या नादात सरतं. निर्गमात समुद्र दुभंगतो, पण पुढे निवासमंडपाच्या पडद्यांची मापं सुरू होतात आणि मग येतं लेवीय. कोणते बळी, कोणती चरबी, कोणता चट्टा. निम्मा संघ तिथेच मुक्कामाला असतो. मीही होतो, जूनपर्यंत.

जूनमध्ये आमच्या पीजीच्या भिंतीला ओल आली. माझ्या उशीच्या वर, हिरवट, कडेला जरा तांबूस. मालकांना दाखवली. त्यांनी भिंतीकडे न बघता या शहराचा मूलमंत्र दिला : "स्वल्प अडजस्ट माडी." रात्री योजनेचं लाल चिन्ह मिटवावं म्हणून अॅप उघडलं, तर समोर चौदावा अध्याय : घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर काय करावं! घरमालकानं स्वतः जाऊन याजकाला कळवायचं. याजकानं येऊन पाहायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं, चट्टा पसरला तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, घर आतून खरवडायचं, नवा गिलावा करायचा. मी एकटाच एवढ्या जोरानं हसलो की निपाणीचा माझा रूममेट उठून बसला.

त्याला सगळं वाचून दाखवलं. तो घरचा वारकरी. फार गंभीरपणे ऐकत होता. "म्हणजे डिपॉझिट परत मिळतं का?" त्यानं विचारलं. तेवढं मोशेनं लिहिलेलं नाही, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सगळ्या मजल्याला ही कलमं ऐकवली, आणि रात्री दिवा घालवण्याआधी स्वतःहून म्हणाला, "काढ की रं ते. फुडचा अध्याय वाच."

पुढचा पंधरावा. ज्यांना ठाऊक आहे ते समजून घेतील. मी घसा खाकरला आणि सरळ सोळाव्यावर गेलो.